ग्लायडर घरी आणणारे

पुण्याला गेलो की नातेवाईक मला ठरलेला प्रश्न विचारतात : इंजिन नसलेलं विमान खाली कसं येतं? मावशीला मी दरवेळी नव्यानं सांगतो, की अगं, खाली येणं त्याला आपोआप जमतं, वर राहणं शिकावं लागतं. खरा अवघड प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. वारं पडलं, चढती हवा मिळेना आणि शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या कुणाच्या तरी कुरणात उतरलो, तर पुढं काय? मी येईन कुणाच्याही गाडीत बसून. पण पंधरा मीटर पंखांचं ते ग्लायडर घरी कसं येतं?

ग्लायडिंगवरच्या पुस्तकांतही याचं उत्तर धड मिळत नाही. ढग, वारा, उंची, विक्रम यांवर पानंच्या पानं. परतीबद्दल एवढंच, की ट्रेलर आला. मला मात्र वाटतं, की या खेळाचा इतिहास ट्रेलरच्या बाजूनं वाचला तर जास्त खरा दिसतो. वर अंतरं वाढत गेली आणि खाली माणसं कमी होत गेली. इतकी कमी झाली, की साठी उलटलेल्या माझ्यासारख्याला गॅरेजात बसून ट्रेलरच्या रॅम्पसाठी जॅक बनवावा लागला.

सुरुवात गर्दीनं झाली होती. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं जर्मनीतल्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधनं आणली, तेव्हा तांत्रिक विद्यापीठांतली पोरं आणि युद्धातून परतलेले वैमानिक बिनइंजिनाच्या विमानांकडे वळले. ‘फ्लुगस्पोर्ट’ मासिकाचे संपादक ऑस्कर उर्सिनुस यांच्या पुढाकारानं १९२० च्या उन्हाळ्यात वासरकुप्पे या डोंगरावर पहिला मेळा भरला. वासरकुप्पे ९५० मीटर उंच, हेस्से राज्यातला सगळ्यांत उंच माथा. वर गवताची उघडी पठारं आणि वारा भरपूर. ग्लायडर सुटी करून रेल्वेनं पायथ्याच्या गेर्सफेल्डपर्यंत यायची आणि तिथून जनावरांच्या गाडीवर माथ्याकडे.

उड्डाणाची रीत बघा. ग्लायडरच्या नाकाला जाड रबरी दोराचा मध्य अडकवायचा, दोन्ही टोकं इंग्रजी ‘व्ही’सारखी पसरायची. प्रत्येक टोकाला तीन-चार जण, शेपूट धरून दोघं-तिघं, पंखाच्या टोकाशी एक. हुकूम झाला की दोरवाल्यांनी उतारावरून पळत सुटायचं, दोर ताणला की शेपूटवाल्यांनी सोडायचं. एका माणसाला उडवायला दहा माणसं. ग्लायडर खाली दरीत उतरलं की त्याच दहांनी ते ढकलत वर आणायचं. आखेनच्या वोल्फगांग क्लेम्पेररनं त्या पहिल्या मेळ्यात ‘श्वार्त्सर टॉयफेल’, म्हणजे काळा सैतान, नावाच्या ग्लायडरमधून १८३० मीटर अंतर कापलं, तेही २ मिनिटं २२ सेकंदांत. परतीचा वेळ कुणी मोजून ठेवलेला नाही. त्या उताराचा चढ करून बघितला तर अंदाज येतो. मी पायी, मोकळ्या हातांनी चढलो होतो, तरी धापा टाकत होतो.

पुढच्या दोन वर्षांत वेळ वाढला, अंतर त्या मानानं नाही. हानोफरच्या विद्यार्थ्यांचं ‘व्हाम्पिर’ (याला चाकांऐवजी चामड्याचे फुटबॉल लावलेले होते, तेव्हा गॅरेजातल्या जुगाडाची लाज वाटून घेण्याचं मला तरी कारण दिसत नाही) १९२२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर मार्टेन्सनं तासाहून अधिक वेळ वर ठेवलं आणि थोड्याच दिवसांत फ्रीड्रिख हेन्त्सेननं त्याच यंत्रात तीन तास गाठले. पण हे सगळं उतारावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्याच्या जोरावर. डोंगर सोडला की वारा सुटला, म्हणून ग्लायडर डोंगराभोवतीच घिरट्या घालायचं आणि उतरायचं ते घराजवळ. परतीचा प्रश्न अजून दहा खांद्यांनी सुटत होता.

तो बिघडवला एका वादळानं. १२ ऑगस्ट १९२६ रोजी माक्स केगेल गडगडाटी ढगाच्या पोटात ओढला गेला आणि ५५ किलोमीटरवर जाऊन उतरला. लोकांनी त्याला कायमचं ‘वादळी माक्स’ करून टाकलं. १९२९ मध्ये ऑस्ट्रियन रॉबर्ट क्रोनफेल्डनं १०० किलोमीटरची वेस ओलांडली. १९३५ च्या जुलैत एकाच दिवशी चार जण वासरकुप्पेहून निघून चेकोस्लोव्हाकियातल्या ब्र्नोला पोचले, ५०४ किलोमीटर. वर्तमानपत्रांनी चार वैमानिकांची नावं छापली. मी मात्र तो आकडा वाचला आणि नकाशावर रस्ता शोधत बसलो. सीमा ओलांडून, त्या काळच्या रस्त्यांवरून, त्या काळच्या मोटारीच्या मागं आठ-नऊ मीटरची पेटी बांधून. माझ्या मते त्या चार उड्डाणांइतकंच मोठं काम खाली, रस्त्यावर झालं असणार.

ट्रेलर असा जन्माला आला : कुणी शोध लावला म्हणून नव्हे, अंतर वाढलं म्हणून. सुरुवातीला नुसता लाकडी सांगाडा आणि वर ताडपत्री, नंतर प्लायवूडची बंद पेटी. त्याचा कारखाना नव्हता. ज्या सुताराला पंख जोडता येत होते त्यानंच पंखांची पेटी बनवली.

मी राहतो न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण कडेला, एल्मायरापासून फार लांब नाही. मार्क ट्वेन यांची कबर याच गावात आहे. बहुतेक पर्यटक त्यासाठी येतात. आम्ही येतो हॅरिस हिल या ग्लायडरच्या टेकडीसाठी. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय ग्लायडिंग स्पर्धा १९३० मध्ये एल्मायरात झाली. त्या वर्षी जर्मनीचा वोल्फ हिर्थ इथं आला होता. मोटारसायकलच्या अपघातात याचा एक पाय गेलेला. त्यानं दाखवून दिलं, की डोंगर नसला, ढगही नसला, तरी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या खांबात गोल-गोल फिरत वर जाता येतं आणि एका खांबावरून दुसऱ्यावर उडी घेत मुलूख ओलांडता येतो. पुढच्या वर्षी त्यानं हडसनकाठावरून उड्डाण करून न्यूयॉर्क शहरावर घिरट्या घातल्या. त्या काठाला आज जॉगिंग करणारी मंडळी असतात. एकालाही ठाऊक नाही.

याच काळातला एक माणूस मला सगळ्यांत जवळचा वाटतो, हॉली बोलस. सान दिएगोच्या रायन कंपनीत लिंडबर्गचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ विमान बांधलं जात होतं तेव्हा कारखान्याची सूत्रं याच्याकडे होती. १९३० मध्ये यानं लिंडबर्ग पती-पत्नींना ग्लायडर उडवायला शिकवलं. अ‍ॅन लिंडबर्ग ग्लायडरचा पहिल्या श्रेणीचा परवाना मिळवणाऱ्या पहिल्या अमेरिकन बाई ठरल्या. पुढं ड्यू पाँ घराण्यातल्या रिचर्डबरोबर त्यानं ‘अल्बाट्रॉस’ ही देखणी ग्लायडर बांधली. आणि १९३४ मध्ये या माणसानं राहण्याचा ट्रेलर काढला, ‘रोड चीफ’. विमानाच्या धडासारखा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, रिव्हेट मारलेला, मागं निमुळता. दार पुढच्या बाजूला, गाडीला जोडायच्या दांड्याच्या वर, म्हणजे आत शिरायचं तर दांडा ओलांडून. धंद्यात तो बुडाला. त्याचा विक्रेता वॉली बायम यानं ते काम उचललं, दार बाजूला हलवलं आणि १९३६ मध्ये ‘एअरस्ट्रीम’चा पहिला ‘क्लिपर’ बाजारात आणला.

इथल्या हमरस्त्यावर चकचकीत एअरस्ट्रीम ओढत जाणारं एखादं निवृत्त जोडपं दिसलं, की पेट्रोल पंपावर मी त्यांना गाठतो आणि सांगतो, की तुमचं हे चंदेरी घर एका ग्लायडरवाल्यानं काढलेलं आहे. बायको गाडीत बसून राहते. सांगायचा मुद्दा, की ग्लायडर आणि ट्रेलर ही या खेळात पहिल्यापासून एकाच हाताची कामं होती. पातळ पत्रा, हलका सांगाडा, वाऱ्याला वाट देणारा आकार, सगळी विद्या तीच.

आणि मला ही विद्या मुळात ठाऊकच नव्हती, कारण मी शिकलो पुण्यात, हडपसरला. ऐंशीच्या दशकात ग्लायडिंग सेंटरवर जाणं म्हणजे पहाटेची बस, मग रांग, मग चहा, मग पुन्हा रांग. नागरी विमान वाहतूक खात्याचं हे केंद्र. दिल्लीत त्याच खात्याच्या तंत्रज्ञांनी पन्नाशी-साठीच्या दशकांत देशी ग्लायडर आखायला घेतली आणि त्यांना ओळीनं नक्षत्रांची नावं दिली : अश्विनी, भरणी, कृत्तिकेच्या जागी कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा. ‘रोहिणी’ पहिल्यांदा उडाली १९६१ मध्ये. लाकडी, दोन माणसं शेजारी-शेजारी बसायची, त्यामुळे गुरुजींच्या चेहऱ्यावरची नापसंती डोळ्याच्या कोपऱ्यातून सतत दिसत राहायची. विंचच्या तारेनं वर जायचं, दिवेघाटाकडे नजर टाकायची, चक्कर मारून उतरायचं. उतरलं की पाच-सहा पोरं धावत येऊन ग्लायडर ढकलत परत रांगेत लावायची. संध्याकाळी ते जोडलेल्या अवस्थेतच हँगरमध्ये जायचं. हातांची कमतरता हा शब्दप्रयोगच तिथं कुणाला समजला नसता. पंख काढायचे असतात आणि ते रोज काढायचे असतात, हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं, कारण इथं हँगरचं भाडं परवडत नाही. ट्रेलर हेच ग्लायडरचं घर.

युद्धानंतरची वीस-पंचवीस वर्षं ही माझ्या मते ट्रेलरची खरी वर्षं. जर्मनीत १९५१ पर्यंत ग्लायडिंगला बंदी होती, तेव्हा आघाडी अमेरिकेकडे आली. सोव्हिएत रशियाच्या ओल्गा क्लेपिकोवानं १९३९ मध्ये केलेला ७४९ किलोमीटरचा विक्रम बारा वर्षं टिकला, तो १९५१ मध्ये रिचर्ड जॉन्सननं टेक्सासमधल्या ओडेसाहून कॅन्ससमधल्या सलायनापर्यंत ८६१ किलोमीटर उडून मोडला. १९६४ मध्ये अल पार्कर त्याच ओडेसाहून निघून नेब्रास्कात उतरला आणि हजार किलोमीटरची हद्द माणसानं पहिल्यांदा ओलांडली. १९७२ च्या एप्रिलमध्ये हान्स-वेर्नर ग्रोसे बाल्टिक समुद्राजवळच्या ल्यूबेकहून फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला बियारित्सला पोचला : १४६० किलोमीटर, सरळ रेषेत. रस्ता सरळ रेषेत जात नाही.

या उड्डाणांखाली एक गाडी धावत असायची. मागं ट्रेलर, मांडीवर नकाशा, गाडीत रेडिओ असला तर रेडिओ, नाहीतर दर तासाला पेट्रोल पंपावर थांबून तळावर फोन : काही निरोप आला का? वैमानिक कुरणात उतरला की चालत जवळच्या घरी जायचा, टोपी काढून फोन मागायचा, तळावर ठावठिकाणा कळवायचा. मग अंधारात गाडी शेताचं फाटक शोधत यायची. हेडलाइटच्या उजेडात पंख काढायचे, पेटीत घालायचे आणि रातोरात परत, कारण स्पर्धा असली तर सकाळी पुन्हा उडायचं असायचं.

आमच्या क्लबात एक आजी होत्या. नवरा उडायचा, त्या गाडी चालवायच्या. साठ-सत्तरच्या दशकांतल्या त्यांच्या गोष्टी ऐकताना माझ्या लक्षात आलं, की त्यांना प्रत्येक उड्डाण रस्त्याच्या क्रमांकांवरून आठवतं. अमुक हायवेला पंक्चर, तमुक गावात रात्री अकराला मिळालेली शेवटची कॉफी, आठ मीटरच्या ट्रेलरला मागं घेताना मोडलेला कुणाचा तरी टपालपेटीचा खांब. नवऱ्याच्या उड्डाण-वहीत त्याच दिवसापुढं फक्त किलोमीटर लिहिलेले. त्या वहीत आजींसाठी रकाना नव्हता. कुठल्याच वहीत नसतो.

ही माणसं हळूहळू नाहीशी झाली. कुणी हाकलली नाहीत. पेट्रोल महागलं, घरातली दोघंही नोकरीला लागली, शनिवार-रविवार मुलांच्या खेळांत जाऊ लागले. स्पर्धांनीही सरळ दूर जाण्याऐवजी ठरलेल्या खुणांना वळसा घालून निघालेल्या जागी परत यायची आखणी स्वीकारली. ग्लायडरही सुधारली. १९५७ मध्ये श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांचं ‘फ्योनिक्स’ उडालं, काचतंतूंच्या प्लास्टिकचं जगातलं पहिलं ग्लायडर; त्यानंतर लाकूड मागं पडत गेलं. नवी यंत्रं इतकी लांब तरंगतात, की वाटेत उतरायची पाळी कमी येते. आणि आली तरी खिशात मोबाइल असतो.

पण काचतंतूच्या पंखांना वजन आहे. पंधरा मीटर जातीच्या ग्लायडरचा एक पंख साठ-सत्तर किलोंच्या घरात जातो आणि साडेसात मीटर लांब असतो. पूर्वी मागून उघडणाऱ्या अरुंद पेटीतून तो ओढायला चार माणसं लागत. तीन राहिली तेव्हा युरोपातल्या ट्रेलरवाल्यांनी वरचं अख्खं छप्पर मगरीच्या जबड्यासारखं उघडणारं केलं. दोन राहिली तेव्हा पंखाच्या मुळाशी छोटी गाडी आली, टोकाला चाकाचा आधार आला. क्लबात सकाळी लवकर गेलात तर प्रत्येक ट्रेलरशी एकेकटा माणूस दिसेल, टोपी घालून, कुणाशी न बोलता, गाड्या आणि टेकू सरकवत पंख जोडताना. प्रत्येक टेकू म्हणजे पूर्वी तिथं उभा असलेला एक माणूस आहे, असं मला नेहमी वाटतं.

आता रॅम्पकडे येतो.

ग्लायडरचं धड ट्रेलरमध्ये चाक आत ओढून, पोटावर, एका बुटक्या गाडीवर बसवलेलं असतं. जोडायच्या वेळी ही गाडी रुळावरून मागं घ्यायची. रूळ संपतात तिथं रॅम्प, म्हणजे दोन लांब पट्ट्यांची घसरगुंडी, मध्ये चाकापुरती फट. धड रॅम्पवर आलं की चाक खाली सोडायला हवं, पण खाली जागाच नसते. पोट जमिनीपासून वीतभर वर. म्हणून रॅम्पचं बाहेरचं टोक उचलायचं, चाक फटीतून खाली सोडायचं, ते कुलूपबंद झाल्याची खात्री करायची आणि रॅम्प खाली घ्यायचा. ग्लायडर आपल्या चाकावर उभं राहतं. उचलायची उंची वीस-पंचवीस सेंटिमीटर, उचलायचं वजन धडाचा भार आणि रॅम्प धरून शंभर किलोंच्या आसपास. पूर्वी एक जण रॅम्प खांद्यावर घेऊन उभा राहायचा आणि दुसरा कॉकपिटमध्ये वाकून चाकाचा दांडा ओढायचा. आता खांदा देणारा नाही.

विकतचे जॅक मिळतात, हायड्रॉलिकसुद्धा. किमतीचा आकडा मी बायकोला सांगितला नाही, स्वतःलाही मोठ्यानं सांगितला नाही. माझे वडील टर्नर होते. रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांच्याबरोबर फिरताना भंगाराच्या ढिगातला स्क्रू हातात घेऊन ते आटे बोटानं चाचपत आणि झीज सांगत. त्या संस्कारावर वाढलेल्या माणसानं चांगला स्क्रू घरात असताना जॅक विकत आणणं म्हणजे वडिलांचा अपमान.

तेलाचा की आट्यांचा, हा पहिला प्रश्न. द्रवाच्या दाबाचं तत्त्व वापरून इंग्लंडच्या जोसेफ ब्रामानं १७९५ मध्ये प्रेसचं पेटंट घेतलं आणि १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजननं ते उचलून नेता येईल अशा जॅकमध्ये बसवलं. म्हणजे हा जॅक एका अर्थी आमच्याच राज्याचा. पण मी तो घेतला नाही. तेलाचा जॅक सीलवर उभा असतो आणि सील म्हातारं झालं की जॅक कुणाला न विचारता हळूहळू बसतो. आट्यांचा जॅक तसं करत नाही. आट्यांचा उतार इतका मंद असतो, की वरून कितीही भार आला तरी घर्षण स्क्रूला उलटं फिरू देत नाही. फिरवाल तेवढाच तो हलतो. कॉकपिटमध्ये वाकून हात चाकाच्या दांड्यावर असताना मला असाच जॅक खाली हवा होता.

म्हणून भंगारात निघालेल्या एका मोटारीचा कात्री-जॅक घेतला, चौकटी आकाराचा, मधून आडवा स्क्रू जाणारा. या जॅकची एक खोड आहे. पूर्ण मिटलेला असताना त्याच्या भुजा जवळजवळ आडव्या असतात आणि तेव्हा तेवढाच भार उचलायला स्क्रूवर कितीतरी जास्त ताण येतो. उघडत जाईल तसा तो हलका होतो. म्हणून त्याला जमिनीवर मिटवून बसवायचा नाही. रॅम्पचं टोक खालीच असतं, जॅक तिथं आडवा मावत नाही, तेव्हा मी रॅम्पच्या दोन्ही पट्ट्यांना आडवा जोडणारा लोखंडी अँगल बाहेर काढला आणि त्याच्या बाहेरच्या भागाला जॅक भिडवला, अर्धा उघडलेल्या स्थितीत. तळाला अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडची रुंद फळी, दोन थर चिकटवून, कारण आमचं मैदान गवताचं आहे आणि पावसानंतर जॅकची उघडी बैठक चिखलात जाते. फळीच्या एका कडेला दोन लहान चाकं, तिरकी केली की ढकलता येते.

बारकाईचं काम पुढं होतं. रॅम्प एका टोकाला बिजागरीवर फिरतो, म्हणून त्याचं दुसरं टोक वर जाताना कमानीत जातं; जॅकचं डोकं मात्र सरळ रेषेत वर जातं. उचलताना अँगल जॅकच्या डोक्यावरून किंचित सरकतो. ते सरकणं रोखलं तर जॅक कलंडतो. त्यासाठी जॅकच्या डोक्यावर पाइपचा तुकडा आडवा बसवला, आत पितळी बुश, ग्रीस भरलेलं. अँगल त्याच्यावरून गुंडाळत जातो. दोन्ही बाजूंना पत्र्याचे कान, म्हणजे बाजूला निसटणार नाही. हे जमलं त्या रात्री मी गॅरेजात एकटाच हसलो. वडील हसले नसते, त्यांनी बुशची फट तपासली असती.

स्क्रूच्या टोकाला षटकोनी सॉकेट वेल्ड केलं, म्हणजे बॅटरीच्या ड्रिलनं फिरवता येतो. ड्रिल बंद पडलं तर पान्यानंही फिरतो. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती, पण कारखान्यात माणसांची बोटं गेलेली मी पाहिली आहेत. तेव्हा शेजारी एक उभा टेकू ठेवला, चौकोनी पाइपात पाइप, छिद्रांची ओळ आणि जाड पिन. जॅकनं उचलायचं, पिन घालायची, भार टेकूवर सोडायचा, मगच चाकाकडे जायचं. पाइप आणि पिन यांत मी पैसे वाचवले नाहीत. रंग पिवळा दिला, गवतात हरवू नये म्हणून.

क्लबातल्या बाकीच्यांनी हेच काम आपापल्या वाटेनं केलेलं आहे. एकानं मोटारसायकल उचलायचा पाट वापरला आहे, एकानं होडी ओढायची हाताची विंच तिकाटण्यावर टांगली आहे, एका निवृत्त विजेच्या माणसानं बारा व्होल्टच्या मोटरचा दट्ट्या बसवला आहे आणि तो चालवायचं बटण हा चावीच्या साखळीवर घेऊन हिंडतो. दुसऱ्याचा जॅक जसाच्या तसा कुणी उचललेला नाही, आणि उचलून उपयोगही नाही, कारण कुठल्याही दोन ट्रेलरांचे रॅम्प सारख्या उंचीचे नसतात.

मागच्या आठवड्यात एक तरुण सभासद माझ्या जॅकची मापं मागायला आला. मी त्याला अँगलची जाडी सांगितली, पिनचा व्यास सांगितला, बुश कुठं मिळेल ते सांगितलं. उंचीचं माप मात्र दिलं नाही. तुझ्या ट्रेलरखाली झोप आणि तूच टेप लाव, म्हटलं. तो झोपला. पंधरा मिनिटं खालून आकडे ओरडत होता आणि मी वहीत लिहून घेत होतो.